बेटावर राहायचंय म्हणता, वहिनी?

शांततेसाठी बेटावर कशाला जायला हवं, वहिनी? एकदा सोमवारी सकाळी थांबून बघा. तुमच्या मुंबईच्या गाड्या परत गेल्या की थळमध्ये कुत्रंसुद्धा भुंकत नाही. रागावू नका हं. बंगला बांधलात, चांगलंच केलंत, आणि कुंपण बुटकं ठेवलंत हे तर फारच चांगलं केलंत. पलीकडच्या प्लॉटवाल्यांनी पुरुषभर भिंत घातली आहे. भिंतीशी माणूस काय बोलणार?

काल गच्चीवरून साहेबांना खांदेरीची बत्ती दाखवत होतात ना? रिटायर झालो की अशाच एखाद्या बेटावर जाऊन राहू, चार पुस्तकं, समुद्र, कोणाची कटकट नाही, असं काहीतरी चाललं होतं. मी मुद्दाम नाही ऐकलं, वारा इकडचा होता. पण ऐकल्यावर मला रात्रभर चैन नाही. आमचे हे त्याच बत्तीवर नोकरीला होते. अर्धं आयुष्य तिकडे गेलं, अर्धं इकडे, आणि कटकट दोन्हीकडची माझ्या वाट्याला. तेव्हा ते मशीनमधले कपडे राहू देत दहा मिनिटं.

बत्तीवाला समुद्राकडे बघत बसतो, हे आधी डोक्यातून काढा. तो पुसत बसतो. हो, पुसत! १८६७ सालचा तो मनोरा, अष्टकोनी, घडीव दगडाचा, इंग्रजांनी हात राखून नाही बांधलेला. पण चोहोबाजूंनी खारं वारं. सकाळी काच लख्ख पुसावी आणि संध्याकाळी बोट लावावं तर चिकट. लोखंड तर खार बघता बघता खातो. कठडा रंगवून खाली उतरावं तोवर दुसऱ्या टोकाला पोपडा आलेला. शिड्या, बिजागऱ्या, जनरेटर, दारांच्या कड्या, सगळ्यांना रोज हात लावावा लागतो. पुस्तकं वाचायला जाल तर पानं ओली, कपाटातली काडेपेटी ओली, मिठाच्या बरणीत तर चमचा शिरत नाही.

आणि भिंग पुसायचं म्हणजे देवपूजेच्या वरचं सोवळं. मी यांना घरी आरशावर ते करून दाखवताना पाहिलंय, म्हणून सांगते. आधी हातातली अंगठी काढायची, घड्याळ काढायचं. शर्टाची बटणं काचेला लागू नयेत म्हणून वरून एप्रन. मग मऊ ब्रशनं धूळ झाडायची, फडकं नाही लावायचं. कारण मिठाचा एक कण जरी फडक्याखाली सापडला तरी ओरखडा, आणि ओरखडा पडला की तो कायमचा. झाडून झालं की स्पिरिटचा बोळा, त्यानंतर कोरडं मऊ चामडं, एकेक कंगोरा खालून वरपर्यंत. कंगोरे किती, तर बघणाऱ्याचे डोळे फिरावेत इतके. त्या फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाची ती करामत. १८२३ साली त्याचं भिंग तिकडे फ्रान्सच्या एका बत्तीवर पहिल्यांदा बसवलं. आत दिवा पाहाल तर म्हणाल, एवढाच? पण उजेड इकडेतिकडे सांडू न देता सगळा एका पट्ट्यात समुद्रावर फेकायचा, हे काम कंगोऱ्यांचं.

दिवसा मात्र त्याला पडदे लावून ठेवायचे. भिंग आतला उजेड जसा बाहेर फेकतं तसं बाहेरचं ऊनही आत गोळा करतं. पडदा राहिला आणि ऊन नेमकं सापडलं तर आतलं सामान जळायला वेळ लागत नाही. म्हणजे रात्री जागायचं बत्तीसाठी आणि दिवसा जपायचं उन्हासाठी. झोप कधी म्हणाल, तर ती पाळीपाळीनं.

यांच्या आधीच्या पिढीचे तर आणखी हाल. जुन्या बत्त्यांत भिंग फिरवायला मोटर कुठली? मनोऱ्याच्या पोकळीत वजन टांगलेलं, घड्याळासारखी किल्ली. वजन खाली आलं की रात्री उठून पुन्हा वर गुंडाळायचं. कितीतरी ठिकाणी ते टनावारी वजनाचं भिंग पाऱ्याच्या हौदात तरंगत ठेवलेलं असायचं, बोटानं ढकललं तरी फिरे. त्या पाऱ्याची वाफ म्हणे डोक्यात जायची. बत्तीवाले विक्षिप्त का होतात यावर शास्त्रज्ञांनी पाऱ्याकडे बोट दाखवलंय. आम्हा बायकांचं मत वेगळं. रोज तीच दोन तोंडं बघून आणि तीच आमटी खाऊन माणूस विक्षिप्त होणार नाही तर काय होईल?

खाण्याचंच सांगते. होडी सुटणार ती भरती बघून. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, द्वादशीला नऊ. मिनिटाला मिनिट नाही जुळत, पण सामान बांधायला पुरतं. तुमच्या मोबाईलवर येते ना वेळ, ती या हिशोबाशी ताडून बघा एकदा. आणि ओहोटी असेल तर होड्या चिखलात बसलेल्या. घरी लग्न असो नाहीतर बेटावर कोणाची दाढ ठणकत असो, पाणी चढेपर्यंत लवंग चावत बसायचं.

होडीतून काय जायचं हेही ठरलेलं. तांदूळ, कडवे वाल, सुके बोंबील, सोडे, कोकमं, आणि पांढऱ्या कांद्याच्या माळा. अलिबागचा पांढरा कांदा माळेत विणला की टिकतो, टांगून ठेवता येतो. हात मोकळे राहावेत म्हणून हे त्या माळा गळ्यात घालून होडीत चढायचे, अगदी नवरदेव निघाल्यासारखे! किनाऱ्यावरच्या कोळणी काय काय बोलायच्या ते तुम्हांला सांगण्यासारखं नाही. पालेभाजीची मात्र बोंब. मेथी दुसऱ्या दिवशी पिवळी, कोथिंबीर तिसऱ्या दिवशी काळी. बत्तीवाल्याला विचारा, बाबा तुला काय हवं? पगारवाढ नाही मागणार, कोथिंबीर मागेल.

ताजी मासळी? तेच तर! चारी बाजूंनी मासळी आणि पावसाळाभर ताटात सुका बोंबील. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या. एरवी येता-जाता कोळी चार बांगडे टाकून जायचे, ते बंद. स्वतः गळ टाकावा म्हणाल, तर जुलैच्या समुद्रात त्या निसरड्या कातळावर कोण उभा राहणार? पावसाळ्याचा शिधा मे महिन्यातच भरून ठेवायचा आणि पुढं समुद्राच्या मर्जीवर. तांदळात पोरकिडे झाले तर पोरकिड्यांसकट तांदूळ. पाण्याचं उलटं. पावसाळ्यात टाकी भरून वाहताहेत आणि मे महिन्यात बादलीवरून भांडणं.

हा रेशनचा घोर काही यांच्या नोकरीपासून सुरू झालेला नाही बरं का. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मायनाक भंडाऱ्याला खांदेरीवर पाठवलं, भर पावसाळ्यात बांधकाम काढलं. मुंबईच्या इंग्रजांच्या नाकासमोर किल्ला उभा राहतोय म्हटल्यावर ते गलबतं घेऊन आडवे आले. ऑक्टोबरात लढाई झाली, त्यांचं एक जहाज आपल्या लोकांनी पकडलं. पण मला त्या लढाईपेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. इंग्रजांची जहाजं अवजड, वाऱ्यावर अवलंबून. आपल्या छोट्या होड्या रात्री वल्ही मारत इथून किनाऱ्यावरून सुटायच्या आणि त्यांच्यामधून शिधा घेऊन बेटावर पोचायच्या. किती पहारा ठेवला तरी ते थांबवू शकले नाहीत. शाळेत पोरांना आरमाराचे दौलतखान शिकवतात, मायनाक शिकवतात, शिकवायलाच हवेत. पण त्या होड्यांमध्ये तांदूळ बांधून कोण देत होतं? इथलीच कोणीतरी असणार. तिचं नाव कुठं नाही.

असो. तुम्ही म्हणालात ना, कोणाची कटकट नाही? वहिनी, गावात शेजाऱ्याशी पटलं नाही तर आपण दार लावतो. बेटावर दार लावून जाणार कुठं? बत्तीवर तीन माणसं असली की एक वर पाळीला, आणि खाली उरलेले दोघं त्याच्याविषयी बोलणार. तो खाली आला की दुसरा वर, की लगेच विषय बदलला. हे घरी आले की मला सगळं कळायचं, कोण दोनदा भात घेतो, कोण रेडिओचा कान पिळतो आणि पुन्हा जागेवर आणत नाही, कोण जनरेटरचं डिझेल भरायच्या वेळेला नेमका संडासात असतो. पत्त्यांचं बघा. मेंढीकोटला चार लागतात, तेव्हा बत्तीवाल्यांचा खेळ तीन-दोन-पाच. तोही तिघं जागे असतील तर. एकदा दोन हात कोणाचे ओढायचे राहिले यावरून आठवडाभर दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. निरोप तिसऱ्यामार्फत, ‘त्याला सांग, डाळ शिजली.’ आणि तो समोर बसलेला!

पण तीन माणसं हवीतच. यावरची एक गोष्ट यांनी मला सांगितली आणि त्या रात्री मला झोप नाही. वेल्सच्या किनाऱ्यापासून लांब स्मॉल्स म्हणून खडक आहे, त्यावर लाकडी खांबांवर उभारलेली बत्ती होती. १८०१ च्या सुमाराची गोष्ट. तिथं दोनच माणसं असायची, एक हॉवेल आणि एक ग्रिफिथ. दोघांचं जमत नाही हे सगळ्या गावाला माहीत. आणि त्यातला ग्रिफिथ मेला. आपोआप मेला हो, आजारानं किंवा पडून. आता हॉवेल पडला पेचात. प्रेत समुद्रात टाकावं तर लोक म्हणणार यानंच मारलं. ठेवावं तर एवढ्याशा खोलीत ठेवणार कुठं? मूळचा तो पिंपं बांधणारा कारागीर. त्यानं फळ्या काढून पेटी केली, प्रेत आत घातलं आणि पेटी बाहेर कठड्याला बांधली. वादळानं पेटी फुटली आणि मेलेल्याचा हात बाहेर लोंबायला लागला, वाऱ्यानं असा हलायचा की लांबून वाटावं कोणी बोलावतंय. जहाजं जवळून जायची, बत्ती लागलेली बघायची आणि सगळं ठीक आहे म्हणून पुढे जायची. कारण हॉवेलनं एक रात्रही बत्ती चुकवली नाही. शेवटी सुटका होऊन परतला तेव्हा ओळखीच्यांनाही ओळखू येईना. त्यानंतर तिकडे नेमच झाला, बत्तीवर माणसं तीन. म्हणजे दोघं भांडले तर साक्षीला तिसरा.

आमच्याकडे भांडण व्हायचं ते गणपतीवरून. कोकणातल्या माणसाला दिवाळीची सुट्टी नाही दिलीत तरी चालेल, पण गणपतीला घर हवंच. तिघंही कोकणातले असले की चिठ्ठ्या टाकायची वेळ. एकजण मागे राहणार, तो फुगून बसणार, त्याची बायको इथं माझ्यावर फुगणार. भाद्रपदात समुद्र तरी कुठं नीट असतो? सुट्टी मंजूर आणि होडी बंद, असंही व्हायचं. आरतीच्या वेळी हे तिकडे आणि इकडे सासूबाई दर पाच मिनिटांनी दाराशी. मग एकदा साताऱ्याकडचे एकजण बदलून आले. घाटावरचा माणूस, होडीत पाय ठेवला की पोटातलं बाहेर. एकदा आला तो परत होडीत बसायलाच तयार नाही. कोणाची सुट्टी असली की हा म्हणायचा, तुम्ही जा, मी आहे. इथल्या बायकांनी त्याच्यासाठी मोदक पाठवले. काहींनी तर त्याला उलटीवरचं औषध मिळू नये असा नवसही केला असेल, मी नाव घेत नाही.

नवसावरून सांगते, बेटावर वेताळाचं देऊळ आहे, कोळ्यांची मोठी श्रद्धा. शिवाय एक दगड आहे, त्यावर दुसऱ्या दगडानं ठोकलं की धातूचा नाद उठतो. आणि तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या तोफा. तुम्ही जाल तेव्हा बघालच. रात्री एकट्यानं वर पाळीला बसताना भीती वाटायची का, असं मी यांना लग्नानंतर विचारलं होतं. म्हणाले, वेताळाची नाही वाटत, पक्ष्यांची वाटते. थंडीच्या तोंडाला अंधाऱ्या रात्री पाखरं उजेडाकडे येतात आणि थाडकन काचेवर आपटतात.

हुसका हो त्या बोक्याला, तुमच्या कट्ट्यावर काय वाळत घातलंय ते हुंगतोय. बोक्यावरून आठवलं. बेटावर मांजर नेऊ नये म्हणतात, त्याला कारण आहे. न्यूझीलंडला स्टीफन्स नावाचं बेट आहे. १८९४ साली तिथं बत्ती सुरू झाली, बत्तीवाले राहायला आले, त्यांच्यामागून मांजर आलं. त्या बेटावर एक चिमुकला पक्षी होता, उडत नसे, जमिनीवर उंदरासारखा पळे. मांजरानं तो मारून दाराशी आणायला सुरुवात केली. लायल म्हणून मदतनीस होता, त्याला पक्ष्यांची आवड. त्यानं ते मेलेले पक्षी जाणकारांकडे पाठवले. जाणकार हरखले, हा तर नवाच पक्षी! लायलचं नाव त्याला दिलं. आणि नाव देऊन होतंय न होतंय तोच थोड्याच वर्षांत पक्षी संपला. लोक एकाच मांजरीवर आळ घेतात. तसं नाही, पुढं बेटावर मांजरं माजली होती. जीव एकाचे चार व्हायला कितीसा वेळ लागतो? आमच्या यांनी म्हणूनच कधी मांजर नेलं नाही. उंदरांनी वालाची पिशवी कुरतडली तरी नाही नेलं.

इकडचं विचाराल, तर मी गच्चीवरून उघडझाप बघायची. प्रत्येक बत्तीची उघडझाप वेगळी, त्यावरूनच जहाजवाल्याला कळतं की ही खांदेरी आणि ती तिकडे कुलाब्याची प्रॉंग्ज. सूर्य बुडाला आणि खांदेरी लागली की मी समजायची, हे उठलेत, चहा झालाय, आता बसले वर. मोबाईल आल्यावर काही खास सुधारलं असं नाही. फोन करून विचारणार काय, तर ‘लाईटबिल भरलंस का?’ लोडशेडिंगच्या दिवसांत तर मौज असायची. समुद्रातल्या जहाजांना आमचा माणूस उजेड दाखवतोय आणि त्याची पोरं इथं कंदिलावर पाढे म्हणताहेत.

वर्तमानपत्राचं तर विसरलेच. सुके बोंबील मी पेपरात गुंडाळून द्यायची. बेटावर तो पेपर सरळ करून, हातानं इस्त्री करून तिघं वाचायचे. बातम्या शिळ्या, तरी छोट्या जाहिरातींपर्यंत सगळं. हे घरी आले की मला सांगणार, पनवेलला एक चांगलं स्थळ आहे, मुलगा बँकेत, मंगळ नाही. अहो, आपल्या घरात लग्नाचं कोणी आहे का? पण पाठ!

आता सोलर आलं, बॅटऱ्या आल्या, दिवा आपोआप लागतो आणि विझतो. म्हणून माणूस नको असं काही साहेब लोक म्हणतात. मला नाही पटत. यंत्र बिघडलं हे यंत्र सांगेल, पण काचेवरची विष्ठा कोण पुसणार, आणि मनोऱ्यावर चढून सेल्फी काढणाऱ्यांना खाली कोण उतरवणार?

रिटायर झाल्यापासून हे घरी आहेत, त्याचे चटके मी सोसतेय. पहाटे तीनला उठून घरभर फिरतात. वाऱ्यात बोलायची सवय, त्यामुळे ‘चहा दे’ म्हटलं तरी चौथ्या घरात ऐकू जातं. आणि पुसणं काही सुटलेलं नाही. देवघरातली समई, घंटा, तांब्या, सगळ्याला रोज ब्रासो. परवा प्लंबरनं बसवलेला नवा नळ इतका घासला की वरचा मुलामा गेला. तुमच्या गेटचं पितळी कुलूप काळं पडलंय ना, यांच्या नजरेला पडलेलं आहे ते. एक दिवस सकाळी चकचकीत दिसलं तर घाबरू नका.

तर साहेबांना सांगा, राहायचं असेल तर हे थळच बरं. फेरी मारायला मात्र जरूर जा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं महाराजांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा केलं, त्यात खांदेरी आहे, आता गर्दी वाढायच्या आत जाऊन या. दसऱ्यानंतर समुद्र निवळतो. तिथी बघून वेळ मी काढून देते, होडीवालाही ठरवून देते. पिण्याचं पाणी आपलं आपण न्या, प्लास्टिक परत आणा, वेताळापुढे नारळ ठेवा, विचारल्याशिवाय मनोऱ्यात शिरू नका. आणि तिथं बत्तीवर जो कोणी असेल त्याच्यासाठी त्या दिवशीचा पेपर आणि कोथिंबिरीची एक ताजी जुडी घेऊन जा. ‘कंटाळा येत नाही का हो?’ एवढं मात्र त्याला विचारू नका.